बॉलशेजारी ठेवलेला हात

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात लिहिता येणारा मी पहिलाच, आणि जे येतं तेही परीक्षेपुरतं. ज्यांनी माझ्यापेक्षा जास्त सोसलं आहे त्यांनी लिहावं आणि मी वाचावं, हेच खरं. मला कुणी मारलं नाही. शिवीसुद्धा दिली नाही. म्हणून याला अपमान म्हणायचं की नाही, हेच मला बरेच दिवस ठरवता येत नव्हतं. वाकडंतिकडं लिहिलं गेलं तर सांभाळून घ्यावं.

साहेबांनी आम्हा तिघांना रांगेत उभं केलं आणि आडनावं विचारली.

पहिला पांडू. त्यानं सांगितलं. साहेब म्हणाले, "कुणबी का रे?" पांडू हो म्हणाला. दुसरा भांडुपचा कोळ्याचा मुलगा. त्यानं सांगितलं. मग मी. मी आडनाव सांगितलं, तर साहेब म्हणाले, "गाव?" मी गाव सांगितलं. साहेबांनी मान हलवली. पुढं काही विचारलं नाही.

"तू ये," म्हणाले. "बाकीचे जा."

हे घाटकोपर आणि विक्रोळीच्या मधल्या त्या ग्राऊंडवर झालं. टेकडीच्या पायथ्याशी कारखान्यांच्या साहेबांनी गोल्फ खेळायला जागा राखली आहे. गोरे साहेब गेले, आमचे आले. माझे वडील तिथं गवत कापतात. आम्ही मालवणकडचे. वडिलांच्या शब्दावर मला तिथं रविवारचं काम मिळालं होतं. साहेबांच्या काठ्यांची पिशवी उचलायची, आणि साहेब मारायच्या आधी पुढं जाऊन उभं राहायचं, बॉल कुठं पडतो ते बघायला. त्याला तिथं आगेवाला म्हणतात. माझी नजर चांगली. गवतात गेलेला बॉल मी शोधून देत असे. त्या कामावर माझी पुस्तकं येत होती. मी कॉलेजात इंटरला आहे.

ज्या साहेबांबद्दल लिहितो आहे ते एका कारखान्यात मोठे इंजिनियर. पुण्याकडचे. बोलणं मऊ. मला 'बाळ' म्हणायचे. खेळ त्यांनी उशिरा सुरू केला होता आणि तो त्यांना येत नव्हता. काठी खाली यायच्या आत त्यांची मान वर उठायची, बॉल कुठं गेला ते बघायला. बॉल गेलेलाच नसायचा. काठी बॉलच्या डोक्यावरून सरपटायची, नाही तर मातीत घुसायची. क्लबच्या व्हरांड्यात चहा पीत बसलेले लोक हसायचे. साहेबही हसायचे, पण कान लाल व्हायचे.

त्या दिवशी त्यांनी मला व्हरांड्यासमोरच्या सरावाच्या जागेवर नेलं. गवतात लाकडाची छोटी खुंटी रोवली, तिच्यावर बॉल ठेवला.

"बाळ, माझ्यासमोर उकिडवा बस. हात पुढं कर. उजवा. बॉलच्या पलीकडे जमिनीवर पंजा पालथा ठेव."

मी ठेवला. मला वाटलं, गवत सारखं करायचं असेल.

"आणखी जवळ."

साहेबांनी वाकून माझा हात धरला नाही. काठीच्या लोखंडी टोकानं माझी बोटं बॉलकडे सरकवली. बॉल आणि माझं मधलं बोट यांच्यात दोन बोटं बसतील एवढी जागा राहिली.

"आता असं बघ," ते समजावून सांगू लागले, वर्गात सांगतात तसं. "माझी नजर बॉलवरून उठते. का उठते? कारण भीती नाही. तिथं माणसाचा हात असला की नजर उठणार नाही. आमच्या आधीचे साहेब असेच शिकले. तू फक्त हलायचं नाही. तू हललास की माझी नजर हलणार. मग लागलं तर चूक तुझी."

मी हो म्हणालो. मला हे लिहिताना लाज वाटत नाही. मी घाबरलो होतो आणि घाबरलेला माणूस हो म्हणतो.

काठी वर गेली.

मला काठी दिसत नव्हती. मी हाताकडे बघत होतो. फक्त आवाज आला, हवा फाडल्यासारखा. मग टक. हातावर वारा आला. बॉल गेला होता. माझा हात तिथंच होता. बोटं मोजायची इच्छा झाली, पण हलवायची परवानगी नव्हती.

"शाब्बास," साहेब म्हणाले. ते मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

मग दुसरा बॉल. मग आणखी. व्हरांड्यातल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, लागेल हं त्याला."

साहेब म्हणाले, "लागणार नाही. हीच तर युक्ती आहे."

एकदा माझ्या अंगठ्यावर मुंगळा चढला. मनगटापर्यंत आला, तिथं थांबला आणि चावला. मी हललो नाही. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की जीभ टाळूला चिकटली. मी मनात परीक्षेतल्या प्रश्नांची उत्तरं म्हणू लागलो, मन दुसरीकडे लागावं म्हणून. पण प्रत्येक उत्तर अर्ध्यावर तुटायचं, कारण काठी वर जायची. आणि मनात एकच यायचं. उजवा आहे. हा उजवा आहे.

घरी गेलो तेव्हा वडिलांना काही सांगितलं नाही. जेवताना भात बोटांतून सांडत होता. आई म्हणाली, "हात कित्याक थरथरता रे?" पिशवी जड होती, म्हणालो.

त्या आठवड्यात कॉलेजात सरांनी टेबलावर डस्टर आपटला, तर माझा हात वहीवरून उडून मांडीखाली गेला. शेजारचा मुलगा हसला. मीही हसलो. पण नंतर वर्गात बसायचं तर हात मांडीखाली घेऊनच बसावंसं वाटे. लिहायला बाहेर काढला की तो माझा वाटत नसे. कुणीतरी थोडा वेळ वापरायला दिलाय, असं वाटे.

मी विचार करायचो, साहेब तर चांगलं बोलतात. त्या ग्राऊंडवर आम्हाला वेगळं पाणी ठेवलेलं नाही. एकदा साहेब कुणाला तरी अभिमानानं सांगत होते, "मी जातपात मानत नाही." मग मला वाईट का वाटतं? आणि मग आडनावांची ती रांग आठवायची. पांडूचा हात का नाही? त्याची नजर माझ्यापेक्षा कमी नाही, अंगानं तो माझ्याहून धट्टाकट्टा. कोळ्याच्या मुलाचा का नाही? साहेबांना हात हवा होता. पण गाव विचारून ज्याची जात कळेल असा हात हवा होता, ज्याला काही झालं तर कुणी विचारायला येणार नाही. हे मला पुस्तकात वाचून कळलं नाही. मुंगळा चावत असताना कळलं.

तरी पुढच्या रविवारी मी गेलो. बाबांचं काम तिथं होतं. मी नाही म्हटलं तर त्यांचं काम जाणार, काम गेलं की माझं कॉलेज जाणार. हे मला कुणी सांगायला नको होतं.

त्या दिवशी साहेबांचा खेळ सुधारला होता. मान खाली राहत होती. बॉल लांब जात होता. व्हरांड्यात कुणी हसलं नाही. ते खूश होते. त्यांच्याबरोबर एक पाहुणे आले होते, गुजराती, घाटकोपरलाच दुकान असलेले. त्यांनी कधी काठी धरलेली नव्हती. साहेब त्यांना म्हणाले, "तुम्हीही बघा मारून."

"अरे ना ना, मला नाय जमत. मी तर आज पैल्यांदा बघतोय."

"म्हणून तर. याचा हात आहे ना तिथं. आपोआप नजर बसते. बघा तर खरं."

याचा हात आहे ना तिथं.

पाहुण्यांनी काठी घेतली. ती त्यांनी झाडू धरतात तशी धरली होती. हसत होते. हवेत एकदा फिरवून पाहिली तर तोल गेला. माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचे नवे बूट मला दिसत होते. पाय नीट रोवलेले नव्हते. काठीचं टोक बॉलवर नाही, माझ्या बोटांवर आलं होतं आणि त्यांना ते दिसतही नव्हतं, कारण ते साहेबांकडे बघत विचारत होते, "असं?"

"असंच. मारा."

मी हात काढून घेतला.

उभा राहिलो. पाय सुन्न झाले होते, म्हणून नीट उभंही राहता येईना. मला हे छातीठोकपणे केलं असं लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

साहेब म्हणाले, "काय झालं? हात ठेव."

"नाही."

"काय म्हणालास?"

"मी हात ठेवणार नाही. नजर तुमची आहे. ती तुम्ही सांभाळा. हात माझा आहे."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पाहुण्यांनी काठी खाली केली. म्हणाले, "जाऊ द्या ना साहेब, पोरगा घाबरला." व्हरांड्यात कुणाचा तरी कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाहुण्यांकडून काठी परत घेतली आणि म्हणाले, "ठीक आहे. तू जा. तुझ्या बापाला पाठव."

बाबा पलीकडच्या उतारावर गवत कापत होते. बाबांना म्हणालो, "साहेबांनी बोलावलंय." काय झालं ते भराभर सांगितलं. बाबांनी विळा खाली ठेवला, कपाळ पुसलं आणि व्हरांड्याकडे चालू लागले. मी कुंपणाबाहेर थांबलो. बराच वेळ थांबलो. मग घरी गेलो.

संध्याकाळी बाबा आले. मी उंबऱ्यातच विचारलं, "काढून टाकलं?"

"नाय."

"मग काय बोलले?"

"काय नाय. समजावलंय मी त्येंका. तू आता थय येव नको. परीक्षा जवळ इली ना तुजी? अभ्यास कर."

माझा विश्वास बसेना. प्रत्येक रविवारी वाटायचं, आज सांगतील उद्यापासून येऊ नको म्हणून. बाबा पहाटे जायचे, मी वाचनालयात जायचो आणि दिवसभर पुस्तकात डोकं घालूनही कान दाराकडे असायचे. बातमी येत नव्हती. काम होतं. पगार होता. एवढंच नाही, साहेबांनी बाबांना एक जुनी छत्री दिली. मग मला वाटू लागलं, नाही म्हटल्यानं जग बुडत नाही. साहेबालाही कधी कधी लाज वाटत असेल. मी परीक्षेला बसलो. पेपर बरे गेले. उजव्या हातानं लिहिले. मला स्वतःचा थोडा अभिमानसुद्धा वाटला.

परीक्षा संपली आणि पुढच्याच रविवारी पांडू मला शोधत वाचनालयाच्या दारात आला. आत यायला तो बिचकत होता, म्हणून मीच बाहेर गेलो.

"घरी जा," तो म्हणाला. "तुझ्या बापाचा हात फुटलाय."

"कसा?"

"कसा म्हणजे? सकाळी साहेबाची काठी बसली. दोन बोटं गेल्यात जमा आहेत. साहेब म्हणतो, म्हातारा हलला."

मला कळेना. बाबा गवत कापतात, त्यांचा हात बॉलजवळ कसा आला?

पांडू माझ्याकडे बघतच राहिला. "अरे, तुला माहीत नाही? तू गेलास त्या दिवसापासून तेच बसतात ना तिथं. दर रविवारी. साहेबानं बोलावलं होतं ते त्यासाठीच. आम्हाला वाटलं, तुला ठाऊक असेल."

घरी बाबा भिंतीला टेकून बसले होते. हाताला आईच्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते, वरचं बँडेज भिजलं म्हणून आईनं चिंधी बांधली होती. मी त्यांच्यासमोर बसलो. म्हणालो, "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

ते म्हणाले, "तुका पेपर लिवचे होते. माका खय लिवचे आसत? दोन बोटां गेली तरी इळो धरूक येता."

मी नाही म्हणालो तेव्हा मला वाटलं होतं की मी ते थांबवलं. मी काहीच थांबवलं नव्हतं. मी फक्त माझा हात काढला होता. ती जागा तशीच होती, आणि साहेबाला ती भरायला आमच्या घरापर्यंत यावंही लागलं नाही, नुसती हाक मारावी लागली. बाबा बरे झाले नाहीत तर तो आमच्या वस्तीतल्या दुसऱ्या कुणाला तरी आडनाव विचारेल.

आज मी वस्तीत घरोघर जाणार आहे. जे जे त्या ग्राऊंडवर कामाला जातात त्या प्रत्येकाला सांगणार आहे. पांडूलाही आणि कोळ्याच्या मुलालाही. रविवारी आम्ही सगळे त्या सरावाच्या जागेवर जाऊन उभे राहणार. पिशवी कुणी उचलणार नाही. बॉल कुणी शोधून देणार नाही. बाबांच्या दोन बोटांचं काय, ते साहेबाला सगळ्यांसमोर विचारणार, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलणार नाही. काम जाईल. कदाचित कॉलेजही. कितीजण येतील मला माहीत नाही. कुणीच आलं नाही तर मी एकटा जाईन. त्या बॉलजवळ आता आमच्यातल्या कुणाचाही हात पडणार नाही.