मनोहरच्या ओळीतल्या मोकळ्या जागा

मनोहरच्या अंगावर पांढरी चादर होती, सगळे त्रिसरण म्हणत होते आणि मी उशाशी बसून विचार करत होते, की मायवरच्या माझ्या लेखातून यानं काय काढलं ते न सांगताच हा गेला. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. राग होता.

मनोहर माझा धाकटा भाऊ. खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर त्यानं विदर्भातून इथं हिंदी मुलखात आलेल्या आपल्या घरांच्या आठवणींची वेबसाइट काढली. मी चौथी शिकलेली, तरी मलाही मायवर लिहायला लावलं. माय नेपियर टाउनमध्ये लोकांची भांडी घासायची, धम्मचक्रप्रवर्तनदिनाला तेवढी सुट्टी मागायची, असं मी वहीत लिहिलं. त्यानं ते वेबसाइटवर टाकलं आणि पान छापून आणून दिलं. दोन्ही कडा सुतात सरळ, पण नेमक्या भांड्यांच्या ओळीत शब्दाशब्दांमध्ये बोटभर जागा.

"इथून काय काढलं?"

"काही नाही ताई. पुढचा शब्द लांबलचक, ओळीत मावला नाही, खाली गेला. कडा सरळ ठेवायची म्हणून मशीन उरलेली जागा वाटून देते."

"अन् मशीनले भांड्यांचीच ओळ काहून सापडली? साहेब झाला तू. मायची लाज वाटून राहिली तुले."

"वही काढ ना, शब्द मोजून घे," तो हसून म्हणाला. त्या हसण्यानं माझा संशय पक्का झाला. मी वही काढली नाही.

आठवड्यानं मोबाइलवर तेच पान घेऊन आला. आता जागा शब्दांऐवजी अक्षरांत वाटली होती. अक्षरांवरची रेघ जागोजाग तुटलेली, 'माय'चा मा एकीकडे, य दुसरीकडे.

"अच्छा! आता मायचेच तुकडे केले?"

"थांब ना ताई, सेटिंग बदलून पाहून राहिलो..."

मी दार लावलं. पाच महिने त्याचा फोन उचलला नाही.

पुण्यानुमोदनानंतर त्याच्या मुलीनं, सुनंदानं, ते पान उघडून दाखवलं. शब्दांमधल्या जागा सारख्या होत्या, उजवी कड मात्र वाकडीतिकडी. "बाकी सगळ्यांचे लेख सरळ आहेत, आत्या. बाबांनी तुमच्याच लेखाची कड तेवढी वाकडी राहू दिली." भांडी जागेवर होती.

"नंतर परत घातली असतील," मी म्हटलं.

"आत्या, आप भी ना...!" ती उठून आत गेली.

घरी येऊन पेटीतून तो पहिला छापलेला कागद काढला, शेजारी वही ठेवली आणि एकेका शब्दावर बोट ठेवत गेले. दोनदा. भांडी, राख, पदरात बांधून आणलेलं शिळं अन्न... एक शब्द कमी नव्हता.

माय भांडी घासायची तेव्हा त्या घरांच्या मागच्या दारी आम्ही दोघं बसायचो, मनोहर आणि मी. त्यातली आता मी एकटीच उरले आहे.