मोटार लावू नका

गोळीवाली कॉम्प्युटरशी भांडायची. आधी गोडीत, मग दम देऊन. "धर की गं! आत्ताच कशाला सोडून राहिलीस?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हाला वाटलं, माडीवर हिनं कुणाला तरी कोंडून ठेवलंय.

पोरगी उदगीरची, लिंगायताची, कपाळावर विभूती. विष्णुपुरीला आमच्या माडीवर भाड्यानं राहायची आणि औषधांवर पीएच.डी. करायची. नाव चांगलं होतं तिला, पण माझी बायको गयाबाई तिला गोळीवाली म्हणाली आणि तेच चिकटलं.

मी चौथी शिकलेला. तिचं काम मला कळायचं काही कारण नव्हतं. पण माझा जन्म धरणाचे दरवाजे उघडण्या-लावण्यात गेला, हे तिला ठाऊक होतं.

"काका, सगळे दरवाजे एकदम उघडले तर?"

"खालची गावं बुडतील."

"आणि उघडलेच न्हाई तर?"

"पिकं वाळतील."

"गोळीचं तसंच हाय. औषध कशात भरलं तर ते घट्ट धरून ठेवील आणि पोटात हळूहळू सोडील, हे मी आधी पडद्यावर बघते."

पडद्यावर एका जाळीला रंगीत मणी चिकटून थरथरत असायचे. मणी म्हणजे औषध आणि जाळी म्हणजे त्याला धरणारा माल. हे बघायला मशीन दिवसरात्र चालायचं. आमची बोअरची मोटार लावली की व्होल्टेज पडायचं आणि मशीन बंद व्हायचं. मग जिन्यातून आरोळी यायची, "मावशी, मोटार लावू नका, माझी गोळी विरघळून राहिली!"

गया खालून म्हणायची, "तुझी गोळी पाण्यात, अन् आमच्या रांजणात ठणठणाट!"

लकवा मारून गेल्यापासून गयाच्या घशाखाली गोळी उतरत नव्हती. ब्लडप्रेशरची गोळी ती खलबत्त्यात कुटून गुळासंगं चाटायची. आमच्याकडं म्हाताऱ्यांची गोळी अशीच पोटात जाते. मग तिला चक्कर यायची. आम्ही म्हणायचो, गोळी गरम पडते. एका सकाळी गोळीवाली चहाला खाली आली आणि तिनं गयाचा हात बत्त्यासकट धरला.

"मावशी, ही दिवसभर थोडी थोडी सुटणारी गोळी हाय! काका, हिनं सगळे दरवाजे एकदम उघडले बघा!"

मला लगेच कळलं. तिनं तशीच रिक्षा बोलावली आणि गयाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं कुटली तरी चालणारी गोळी दिली, पण ती दिवसातून तीनदा. चक्कर थांबली. दुपारची गोळी मात्र गया हटकून विसरायची.

तेव्हापासून गोळीवालीनं एकच ध्यास घेतला. गोळी अशा बारीक दाण्यांची करायची, की घशासाठी फोडली तरी एकेक दाणा आपलं औषध धरून बसेल.

गयानं विचारलं, "माझ्या जल्मात व्हईल का?"

"खोटं बोलत न्हाई, मावशी. पडद्यावर धरलं म्हणजे पोटात धरलं असं न्हाई. आधी काचेच्या भांड्यात बघायचं, मग जनावरात, मग माणसात. लई वर्षं लागतील."

"लागू दे. घसा काय माझ्या एकटीलाच हाय का?"

थंडीत गया गेली. झोपेतच, हृदय बंद पडून. पुण्यानुमोदनाला लोक जेवून गेले तरी पोरगी जिन्यावरच बसलेली. वर मशीन बंद होतं. "आता कुणासाठी करू, काका?" म्हणाली.

मला गोड बोलता येत नाही. माझंच घर ओस पडलेलं. मी म्हटलं, "ती काय बोलली, इसरलीस का? ऊठ. मशीन लाव. मी मोटार लावत न्हाई."

ती उठली. पुढं जाळी बदलत बदलत, भांडत भांडत, एका दुपारी ती माडीवरून ओरडली, "धरलं!" मी खाली गयाच्या फोटोला सांगितलं.

पदवी मिळाली तशी ती याच गोळीच्या पुढच्या कामासाठी हैदराबादला गेली. जाताना खलबत्ता मागून घेतला. आता गल्लीत कुणी म्हातारी गोळी कुटताना दिसली की मी दम देतो, "आधी डॉक्टरला इचार!" लोक मला येडा म्हणतात. म्हणू देत.

परवा सकाळी तिचा फोन आला.

"काका, गोळी मावशीच्या खलबत्त्यात फोडली अन् दाणे काचेच्या भांड्यात टाकलेत. थोडं थोडंच सुटून राहिलं!"

"अजून किती येळ बघायचं?"

"संध्याकाळपर्यंत."

"मग मी मोटार संध्याकाळीच लावतो."

ती हसली. "काका, मी हैदराबादला हाय. तुमच्या मोटारीनं इथं काही होत न्हाई."

मला काय ते कळत नाही? पण बटणावरचा हात मी काढला आणि रांजणाच्या तळाशी होतं त्या पाण्यात दिवस काढला.