हमालाच्या फ्लेक्सच्या पाच पिशव्या

ज्या बाईचा मी गुन्हेगार आहे, तिचा नवरा अडतीवर हमाल होता. तो वारला, आणि त्याच्या तेरवीच्या आदल्या दिवशी, सकाळी सातच्या आत, मी त्यांच्या गावाच्या फाट्यावरून त्याचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स सोडून नेला. कुणाला विचारलं नाही. विळ्याने दोऱ्या कापल्या, गुंडाळी करून मोटारसायकलला मागे बांधली आणि निघालो. चोरी करतोय असं वाटलंच नाही. सफाई करतोय असं वाटलं.

दुसऱ्यांचे गुन्हे मी पत्रकात असेच पहिल्या ओळीत लिहीत आलो. मग स्वतःचा तरी खाली का ढकलू?

माझा हा पिशव्यांचा धंदा पत्रकांतूनच निघाला. कॉलेजात असल्यापासून मी फ्लेक्सच्या विरोधात लिहायचो, वाटायचो, भांडायचो. एका सभेत एकाने विचारलं, "काढलेल्या फ्लेक्सचं काय करता मग? जाळता?" म्हणून संग्रामपूरला बाजाराच्या मागे टिनाचं शेड भाड्याने घेतलं, दोन शिलाई मशीन आणल्या, शिवायला दोन बाया ठेवल्या. वाढदिवस, निवडी, स्वागतं, सगळं कापायचं आणि पिशव्या शिवायच्या. छापील बाजू आत, पांढरी बाहेर, त्यावर आमचा निळा ठप्पा.

शेडमध्ये एक नियम होता. देवांचे आणि महापुरुषांचे फ्लेक्स कापायचे नाहीत, घडी करून वर फळीवर ठेवायचे. बघायला आलेल्यांना मी तो नियम मोठ्या तोऱ्यात दाखवायचो. म्हणायचो, आम्ही भावनांची कदर करतो. कसली कदर? भीती होती. त्यांचे फ्लेक्स कापले असते तर संध्याकाळपर्यंत शेडवर दगड पडले असते. हमालाच्या मागे दगड घेऊन येणारं कोणी नव्हतं. म्हणून तो फळीवर गेला नाही, टेबलावर आला.

शिवणाऱ्या दोघींपैकी मोठी, तिला आम्ही काकू म्हणतो, तिने गुंडाळी उलगडली आणि थांबली.

"बाबू, हा तं आत्ताच गेलेला मानूस दिसते. घरच्यायनं देला का?"

"काकू, फ्लेक्स आहे तो. माणूस नाही."

"तोंड तं हाय ना त्याले."

"तोंड आत जाते. कापा."

तिने कात्री माझ्यापुढे सरकवली. "मंग तूच काप."

मी कापला. नाकावरून, आडवा. कारण तिथून कापल्यावर तुकडा वाया जात नव्हता. पाच पिशव्या निघाल्या.

त्यानंतर महिनाभराने बाजारात माझ्या पिशव्यांच्या दुकानासमोरून एक बाई प्लास्टिकच्या पन्नीत कांदे घेऊन चालली होती. मी तिला अडवलं. मी सगळ्यांनाच अडवायचो, तो माझा कार्यक्रमच होता.

"मावशी, ही पन्नी गायीच्या पोटात जाते. गाय मेली तर पाप कोणाच्या माथी?"

आजूबाजूचे हसले. एक जण म्हणाला, "मावशी, भरा आता दंड!" बाई ओशाळली. "कांदेवाल्यानं देली तं घेतली भाऊ, म्या काय मांगतली होती?"

मला तर अजून जोर चढला. तिच्या हातून पन्नी घेतली, माझी पिशवी उघडली आणि तिचे कांदे माझ्या हाताने आत ओतले. "ही घ्या. फुकट. परत पन्नी दिसली नाही पाहिजे."

ती गेली. थोड्या वेळाने परत आली. पिशवी खाली ठेवून बसली आणि एकेक कांदा बाहेर काढू लागली. सगळे काढून झाल्यावर पिशवी उलटी केली. आतून टोपी आणि दोन डोळे निघाले. तिने पदराने माती पुसली.

"कुठून आनलं हे?"

"फ्लेक्स आहे मावशी," मी म्हणालो. "टाकाऊ."

"टाकाऊ?" ती माझ्याकडे बघत राहिली. "माह्या घरचा मानूस होय हा. तेरवीच्या दिवशी आमी फाट्यावर गेलो त्याले घरी न्याले, तं नुसत्या दोऱ्या लोंबून राह्यल्या होत्या."

आता हसत कोणी नव्हतं. माफी मागायची सोडून मी काय बोललो? "नवीन छापून देतो. याच्याहून मोठा. पैसे नको."

"मोठ्याचं काय करू? फोटो हाय घरी. बाकीचं तोंड कुठी हाय थे सांग. त्याच्यावर कोन काय भरून राह्यलं, थे सांग."

मला माहीत नव्हतं.

"मोठ्या मानसाचा अस्ता तं कापला अस्ता का बे तू?"

मागे दुकानात काकू बसली होती. ती म्हणाली, "नाही."

पाचपैकी चार पिशव्या सापडल्या. एक तिच्याकडेच आली होती. दोन शेडमध्ये पडून होत्या. एक चहावाल्याकडे होती, तो त्यात साखर ठेवायचा. त्याने ती धुऊन, वाळवून आणून दिली. पाचवीत नाकाखालचा चेहरा आहे. ती बहुतेक पिंपळगाव राजा या गावातल्या एका लग्नात गेली. तिथे आहेरात आमच्या पिशव्या वाटल्या होत्या, आणि मी स्टेजवर माईक धरून पर्यावरणावर बोललो होतो. लग्नघरी दोनदा जाऊन आलो. पाहुणे कुठले कुठले, पार बीबी गावापर्यंतचे. कोणाला विचारणार?

आता घरच्यांना विचारल्याशिवाय मी एकही फ्लेक्स काढत नाही. हे सांगायलाही लाज वाटते, कारण यात मोठेपणा काहीच नाही. ती बाई दर बाजाराला येते, दुकानासमोर उभी राहते. विचारते, "भेटली?" मी मान हलवतो. ती कांदे पदरात घेऊन जाते.

म्हणून हे पत्रक छापलंय. तुमच्या घरात बाहेरून पांढरी, निळ्या ठप्प्याची पिशवी असेल तर वाचणं थांबवा आणि उठा. आत आलू असोत, कपडे असोत, रिकामी करा. उलटी करा. जाड मिशा, हनुवटी आणि चौकड्याच्या शर्टाची कॉलर दिसली, तर बाजाराच्या दिवशी संग्रामपूरला घेऊन या. माझ्याकडे देऊ नका. तिच्या हातात द्या.