अंबादासच्या गाठी

मी कोकणातला, तरी भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. दिवेलागणीनंतर आमच्याकडची माणसं ज्या वाटा टाळतात, त्या वाटांनी मी खुशाल जात असे. मला भीती होती ती जगण्याची… आणि सोलापुरात तीच अंगावर आली.

मराठी चौथीतून शाळा सुटली, तेव्हा गावच्या एका माणसाबरोबर मिलमध्ये काम मिळेल म्हणून आलो. मिलनं घेतलं नाही. रस्त्यावरच पडलो असतो, पण साखर पेठेतल्या एका तेलुगू विणकर बाईनं ठेवून घेतलं. तिला सगळे अम्मा म्हणत. एकुलता एक मुलगा अंबादास तापात गेलेला, त्याचा हातमाग तसाच पडून होता. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, तसला माग. गुडघ्यांमुळं अम्माला खड्ड्यात उतरता येत नसे. काठावर बसून तिनं मला विणायला शिकवलं. तिचे उपकार फिटायचे नाहीत — म्हणूनच हे लिहिताना हात अडखळतो.

तरी छातीत धडधड होई, झोप लागत नसे. उगाच वाटे, गावी कुणाचं तरी बरंवाईट झालंय. डॉक्टरांनी ब्रोमाइडचं मिक्श्चर दिलं. खारट, मिठाच्या पाण्यासारखं. धडधड थांबली. पण जीभ जड झाली, तोंडावर फोड आले, चालताना झोक जाई, आणि दुपारी मागावरच डोळे मिटत.

अशाच एका दुपारी खाली पाहिलं, तर माझे पाय खड्ड्यात नुसते लोंबत होते… आणि त्यांच्या शेजारी दुसरे दोन पाय मागाच्या फळ्या दाबत होते. सावळे, किडकिडीत. मला भीती वाटली नाही, हेच विचित्र. मी तसाच झोपलो.

जाग आली तेव्हा अंगणात सुताच्या कांड्या भरत बसलेली अम्मा आत येऊन कापडावर वाकली होती.

"झोपेत विणतोस काय रे कोकण्या? जागेपणी तर धड येत न्हाई."

हसता हसता ती थांबली. तुटलेले धागे जिथं जोडले होते, तिथं तिचं बोट होतं. गाठी उलट्या पिळाच्या, डावखुऱ्या माणसाच्या, आणि गाठीपुढं उरलेल्या धाग्याच्या शेपट्या लांब सोडलेल्या. मी उजव्या हाताचा. शेपटी दातानं तोडतो.

"अंबादास असाच सोडायचा," ती म्हणाली. "लई ओरडायची मी, तोड की रे म्हणून. कधी ऐकला न्हाई."

त्या दिवसापासून जेवण झालं की अम्मा स्वतः बाटली हलवून पेला पुढं करी. "औषध घे, नायना." तेलुगूत लेकराला म्हणतात तसं. तसल्या गाठी पुन्हा पुन्हा दिसू लागल्या. इकडं माझी अशी गत झाली की एके सकाळी सख्ख्या आईचं नाव आठवेना. डॉक्टर संतापले. या औषधानं नसलेलं दिसतं, केलेलं आठवत नाही. आत्ताच बंद कर, नाहीतर वेड लागेल.

अम्माला सांगितलं.

"एक डाव घे की. एकच. त्याला सांगायचं ऱ्हायलंय माझं."

"अम्मा, अशानं मी जाईन हो."

तिनं माझ्या तोंडावरच्या फोडांकडं पाहिलं. "व्हय. तू बी कुणाचा तरी हायेस," म्हणाली, आणि बाटली उचलून आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सूत घेऊन परतलो, तर बाटली रिकामी. अम्मा खड्ड्याच्या काठाला टेकून झोपलेली, चेहरा शांत. मी घाबरून हलवलं. बऱ्याच वेळानं डोळे उघडले, पाणी मागितलं. काय दिसलं ते तिनं कधीच सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

कापड मात्र हातभर वाढलं होतं.

डॉक्टर म्हणतील, तिनंच विणलं. म्हणोत. त्या गुडघ्यांनी ती खड्ड्यात उतरली कशी, वर आली कशी, मला आजही उलगडलेलं नाही. मी पाहिलं तेवढं सांगतो — गाठी डाव्या हाताच्याच होत्या. शेपट्या मात्र एकूण एक तोडलेल्या.