जेवणाची घंटा

आई राहते त्या वृद्धाश्रमाला आमच्या घरात कुणीच वृद्धाश्रम म्हणत नाही. आम्ही ‘निवास’ म्हणतो. बाग आहे, डॉक्टर आहेत, जेवण गरम मिळतं, असं कुणी न विचारताही सांगत सुटतो.

रविवारी तिच्या खोलीत बसलो होतो. नाशिकच्या आत्याचा फोन आला, म्हणजे आईच्या नणंदेचा. दोघी बोलत असतानाच बाहेर जेवणाची घंटा वाजली. आई चटकन उठली, फोनवर तळहात दाबून तिनं दार लोटलं, खिडकीही लावली. मग हसत म्हणाली, “नाही हो वन्सं, घरीच आहे. सूनबाई पानं घेतेय, मुलगा हाका मारतोय. ठेवू?”

मी हाक मारली नव्हती. फरशीकडे बघत होतो.

आईला इथे करमतं. मैत्रिणी आहेत, दुपारी पत्त्यांचा डाव रंगतो. इथे राहण्याची लाज तिला नाहीच. लाज आम्हाला आहे, आणि ती झाकायचं कामही, घरातल्या बाकीच्या कामांसारखं, तिच्याच अंगावर पडलंय.

फोन ठेवून तिनं दार उघडलं.

“चल, ऊठ. तुझंही पान सांगितलंय मी.”