आई झोपल्या आहेत, बेल वाजवू नये

आज दुपारी दवाखान्यात जाऊन आले. समोरच्या घरातला दादा अंथरुणाला खिळलाय. अर्धं अंग गेलं, पण तोंड शाबूत आहे. वॉर्डात त्याची धाकटी बहीणच नर्स आहे. मी खाटेशी पोचले तेव्हा ती त्याची कूस बदलत होती आणि तो ओरडत होता, "कसाई आहेस का गं? झोपू दे ना मला!"

‘झोपू दे’ हेच शब्द याच माणसाच्या तोंडून मी पूर्वी ऐकलेत, फक्त तेव्हा ते त्याच्या आईसाठी होते.

धाकटी तेव्हा कापडाच्या दुकानात कामाला होती. आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि "या वयात ऑपरेशन झेपणार नाही" म्हणून तिला घरी पाठवलं. बघणार कोण, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारलासुद्धा नाही. धाकटीने दुकान सोडलं. आईचं अंग पुसायची, वेणी घालायची, मऊ भात भरवायची, बेडपॅन धुवायची. दादा सकाळी दारात उभा राहून "काय आई, बरं ना?" विचारायचा आणि कामावर जायचा. उंटावरून शेळ्या हाकायच्या झाल्या तरी उंटावर चढावं लागतं, हा तर उंबरठ्यावरूनच हाकायचा.

आईला जरा हलवलं की ती कळवळायची. "नको गं पोरी, कंबर तुटते." धाकटीचे हात तिथेच गळायचे. त्यात दादा बाहेरून ओरडायचा, "कशाला छळतेस तिला? झोपू दे!" वहिनीने तर दारावर पुठ्ठाच लावला: आई झोपल्या आहेत, बेल वाजवू नये. येणारेजाणारे दबक्या पावलांनी यायचे आणि बोलायचे, "किती शांत झोपल्यात! पुण्यवान हो." सगळ्या घराने मिळून त्या बाईला उताणी झोपू दिलं. मायेपोटी. म्हणून तर जास्त लागतं.

मग घरात वास यायला लागला. वहिनी म्हणाली, उंदीर मेला असणार. दादाने सुट्टीच्या दिवशी कपाट ओढलं, पलंगाखाली काठी फिरवली, भिंतीतली भोकं बुजवली. उंदीर काही सापडला नाही. पलंगावर आई शांत झोपलेलीच होती.

ताप उतरेना म्हणून शेवटी दवाखान्यात नेलं. मी सोबत गेले होते. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरने खालची चादर धरली, एका झटक्यात आईला कुशीवर वळवलं, आणि उंदीर सापडला. पाठीला, कमरेखाली, हाडापर्यंत गेलेली जखम. दादा नाकाला रुमाल लावून बाहेर पळाला.

"कोण बघतं यांना?" सिस्टरने विचारलं.

दारातून दादाचंच बोट आत आलं. "ही. हीच बघते."

धाकटी जखमेकडेच बघत होती. "हलवलं की रडायची हो..."

"रडू द्यायचं बाई," सिस्टर म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माणूस रडून सांगतो तरी. कातडी सांगत नाही, ती गुपचूप सडते. या इकडे, चादर धरा."

आणि तिने धाकटीला तिथेच शिकवलं. चादर कुठे धरायची, पाठीशी उशी कशी लावायची, दोन गुडघ्यांच्या मध्ये दुसरी कशी ठेवायची. आई विव्हळली, लेकीला नको नको ते बोलली. आणि मग कुशीवर झोपली. तोंड उघडं, घोरत. धाकटी माझ्या कानाशी लागली, "काकू, ही खरी झोप. घरी ती झोपत नव्हती हो. दुखतंय म्हणून निपचित पडायची."

आई काही घरी आली नाही. उशीर झाला होता.

पुढे धाकटी म्हणाली, नर्सिंगला जाते. दादा बसल्या जागेवरून म्हणाला, "आईला घालवलीस. आता लोकांच्या आया उरल्यात का?" भिंतीलासुद्धा ऐकवलं नसतं ते. वहिनीने वर मीठ चोळलं, "परक्यांचे बेडपॅन उचलणारीला कोण मागणी घालणार?"

"घरचे उचलत होते तेव्हा तरी कुठे रांग लागली होती, वहिनी?" एवढं बोलून तिने पिशवी भरली. पोचवायला कुणी आलं नाही. पुढे दादा सगळ्यांना सांगायचा, बहीण दवाखान्यात कामाला असते. काय काम, ते सांगायचा नाही. आई कशाने गेली, ते मात्र न विचारता सांगायचा: धाकटीच्या हलगर्जीपणाने.

आणि आता त्याच दादाला तिने स्वतः मागून आपल्या वॉर्डात घेतलंय. मला वाटलं होतं, अंथरुणावर पडून तरी याला काही उमगेल. आज मला बघून तो रडायलाच लागला. "बघा काकू, सूड उगवतेय माझ्यावर. घटकाभर पडू देत नाही. आईला आम्ही कसं शांत झोपू दिलं होतं, आठवतं ना?"

धाकटीचा हात उशीवर होता तो तिथेच थांबला. मला वाटलं, आता बोलेल. पण तिने उशी त्याच्या पाठीशी नीट दाबली, सदरा वर करून पाठ निरखली, कमरेखाली बोटांनी चाचपलं आणि सदरा खाली ओढला. "झोप आता. या कुशीवर."

बाहेर आल्यावर मीच म्हटलं, "अगं, एकदा सांग ना त्याला!"

"काय सांगू काकू? उंदीर कुठे होता ते? दारात उभा होता तो. त्याने पाहिलंय." मग म्हणाली, "पाठ स्वच्छ आहे हो त्याची. लाल ठिपकासुद्धा नाही." एवढं बोलून ती शेजारच्या खाटेकडे गेली.

आता देवासमोर बसून उठले. दादाला क्षमा कर म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्याची पाठ अशीच राहू दे, एवढंच मागितलं. तिचे कष्ट आहेत त्यात. बाकीचं मला मागवलं नाही.