सा की सात

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शेलूबाजारच्या बाजूला जमिनीच्या पोटातला खडक तपासणारी तुकडी आली होती. शेतात खोल छिद्र पाडून सुरुंग उडवायचा आणि त्याचे हादरे गाडीतल्या संगणकाने टिपायचे. मी मंगरूळपीरकडचा, साहेबांचा मदतनीस. त्या दिवशी सुरुंग भरून झाला आणि संगणक बंद पडला; हादरे न टिपता उडवला तर सगळी मेहनत वाया. आभाळ भरून आलं होतं. भरलेला सुरुंग काढता येत नाही आणि वीज पडली तर तो आपोआप उडतो, हे साहेबांनीच मला सांगितलं होतं. कापूस वेचणाऱ्या बायांना आम्ही लांब बांधावर बसवलं होतं. त्यांत माझी आई होती. माझा अर्धा जीव त्या बांधावर होता.

तेव्हाचा संगणक सुरू होताना ठार अडाणी असायचा. कामाच्या सूचना असलेली टेप कशी वाचायची हे त्याला सांगणारा ड्रायव्हर, म्हणजे नुसते आकडे, आधी खटके दाबून हाताने भरावा लागे. मी कार्डावरचे आकडे वाचायचो, पुण्याचे साहेब खटके दाबायचे. टेप हलेना.

"ड्रायव्हर लोड होत नाही!" साहेब ओरडले.

जीपवाल्याने आत डोकं घातलं. "मी तं इथंच हावो जी."

एरवी हसून मेलो असतो.

पुन्हा भरलं, पुन्हा ठप्प. ढग गडगडले. त्या आवाजात माझं वाचन साहेबांना ऐकूच जाईना. मग मी बोटं दाखवली, एक पंजा आणि वर एक.

"सहा? तुम्ही तर सात म्हणत होतात!"

"सा म्हनलं जी, सा!"

साहेबांनी कपाळावर हात मारला. चुकीच्या सातांचे सहा केले, तशी टेप सरसर धावली.

बाहेर पाहिलं तर बांध रिकामा. बाया कंटाळून पुन्हा वेचायला उतरल्या होत्या. मी ओरडत पळालो.

"काहून बोंबलून राह्यला?" आई म्हणाली. "सा ओयी राह्यल्या माह्या."

तिचा हात धरून ओढलं, बाकीच्यांना हाकललं. बांध ओलांडतो न ओलांडतो तोच वीज कडाडली आणि पायाखालची जमीन उसळली. सुरुंग उडवण्याआधी मी वाजवायची ती इशाऱ्याची शिट्टी अजून माझ्या खिशातच होती. गाडीच्या दारात साहेब पांढरेफटक पडून उभे होते. "मी बटण दाबलं नाही!"

धूळ बसल्यावर पाहिलं, आईच्या त्या सहा ओळी मातीखाली गेल्या होत्या. तिने माझा हात सोडला नाही.